जुन्या फोटोतल्या फिती, बिल्ले आणि पदकं वाचायची कशी

ग्वाल्हेरात मराठी माणसाच्या घरात गेलात की बैठकीच्या भिंतीवर एखादा तरी फेटेवाला, कोटवाला पूर्वज दिसतोच. आमच्या भागाचं नावच मुळी लष्कर, दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून पडलेलं. पलीकडे कंपू, म्हणजे कॅम्प. मग शिंदे की छावणी. आणि नदीपलीकडे मोरार, ती इंग्रजांची छावणी. या गावाच्या पत्त्यांतच फौज आहे, तर ती अल्बमांतही असणारच. मात्र फोटोतल्या माणसाचं नाव सांगणारं कुणी उरलेलं नसतं, आणि उरलेलं असलं तर एवढंच सांगतं की "ते पलटणीत होते."

कुठल्या पलटणीत, कोणत्या हुद्द्यावर आणि कधी, याची उत्तरं बऱ्याचदा त्या फोटोतच असतात. दंडावर, खांद्यावर, फेट्यावर, छातीवर. फक्त ती एकदोन मिलिमीटरची असतात. ती मोठी करून कशी वाचायची हे मी आमच्या पणजोबांच्या फोटोवर, चुका करत शिकले. त्याच क्रमाने सांगते.

भिंतीवरचा मोठा फोटो बाजूला ठेवा

पहिली चूक माझी हीच झाली. आमच्याकडे पणजोबांचा दोन फूट उंचीचा फोटो आहे, काचेच्या फ्रेमीत. मोठा आहे तर त्यात जास्त दिसेल असं वाटलं. छातीवर चार पदकं अगदी ठळक. दोन महिने मी ते चौथं पदक शोधत होते.

मग आजीच्या ट्रंकेत त्याच फोटोची पोस्टकार्डाएवढी मूळ प्रत सापडली. तीत पदकं तीनच आहेत. चौथ्याच्या जागी कोटाच्या खिशाचं बटण आहे.

तेव्हा घरोघरचे मोठे फोटो छोट्या फोटोवरून वाढवून घेतलेले असत, आणि वाढवल्यावर फिके पडलेले भाग चित्रकार ब्रशने भरून काढी. डोळे, मिशा, फेट्याच्या चुण्या, बटणं, सगळं. त्याला पदकांची माहिती असायचं कारण नव्हतं, त्याला चकाकणारं गोल काहीतरी दिसलं आणि त्याने ते रंगवलं. म्हणून आधी ट्रंका, जुने अल्बम, पोथ्यांचे रुमाल, चुलत घरं पालथी घाला. तुम्हाला हवी आहे ती सगळ्यात जुनी आणि बहुधा सगळ्यात छोटी प्रत. काचेच्या निगेटिव्हवर कागद थेट ठेवून छापलेल्या प्रतीत, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये, थक्क व्हावं इतका तपशील असतो. निगेटिव्हच मिळाली तर सोनंच.

रंगकाम झालं आहे का हे ओळखायला फोटो खिडकीपाशी तिरपा धरा. ब्रशचा रंग कागदाच्या चकाकीपेक्षा वेगळा, मंद किंवा उठून दिसतो. तिरप्या उजेडात कार्डाच्या कोपऱ्यातला स्टुडिओचा दाबून उठवलेला शिक्काही वाचता येतो, तो वाचाच. स्टुडिओ मोरारचा की बेळगावचा, हे कळलं तरी शोध निम्मा होतो.

आणि फोटो छापील तर नाही ना, हे भिंगातून बघा. स्मरणिकेतलं किंवा वर्तमानपत्रातलं चित्र असेल तर ओळीने मांडलेले ठिपके दिसतील. ते कितीही मोठं केलं तरी ठिपकेच मोठे होतात, बिल्ला नाही.

स्कॅनरआधी भिंग

घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट दाखवणारं भिंग सराफ्यात आणि घड्याळवाल्यांकडे मिळतं. फोटो सपाट ठेवा, हात धुऊन कोरडे करा, फक्त कडांना धरा, आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. जे भिंगातून दिसत नाही ते स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. जे अंधुक का होईना दिसतं, त्याची कागदावर यादी करा: डाव्या दंडावर काहीतरी, खांद्यावर अक्षरं, फेट्यावर धातूचा तुकडा. ही यादी पुढे फार कामाला येते, कारण स्क्रीनवर तासभर बसलं की डोळे मनाला हवं ते बघू लागतात.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात कागद वाळून वाकतो आणि पावसाळ्यात कसर लागते. वाकलेला फोटो दाबून सरळ करू नका, वरचा थर तडकतो. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. काचेसकटच फोटो काढा.

आधी थोडं गणित

किती डीपीआयवर, म्हणजे इंचामागे किती ठिपक्यांवर, स्कॅन करायचं, याचं एकच उत्तर सगळीकडे सांगतात ते चुकीचं आहे. बिल्ला फोटोत किती मोठा आहे त्यावर ते ठरतं.

पहिल्या महायुद्धाची गोल ब्रिटिश पदकं ३६ मिलिमीटर व्यासाची आहेत. आमच्या फोटोत पणजोबा उभे आहेत, डोक्यापासून पायापर्यंत ११ सेंटिमीटर. माणूस १६५ सेंटिमीटरचा धरला तर फोटो पंधरापट लहान. म्हणजे पदक फोटोत साधारण २.४ मिलिमीटर. इंचात २५.४ मिलिमीटर, त्यामुळे ३०० डीपीआयला ते पदक जेमतेम २८ पिक्सेलचं येईल, ६०० ला ५७, १२०० ला ११३. ऐंशी-शंभर पिक्सेल मिळाले की गोल आहे की टोकांचं, कडी आहे की सळई, हे कळू लागतं. म्हणून इथे १२००.

ग्रुप फोटो असेल आणि माणसं चार सेंटिमीटरची, तर तेच पदक ०.९ मिलिमीटरचं होतं. तिथे २४०० लावलं तरच ऐंशीएक पिक्सेल हाती येतात. पण त्या कागदात तेवढा तपशील असेल याची खात्री नाही. म्हणून छोटा तुकडा आधी ६००, १२०० आणि २४०० वर स्कॅन करा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्या पायरीनंतर नवीन काही दिसेनासं होतं, नुसता कागदाचा पोत दिसू लागतो, तिथे थांबा. निगेटिव्हला २४०० पासून सुरुवात करा.

स्कॅन करताना

स्कॅनरच्या डब्यावर दोन आकडे असतात. त्यातला ऑप्टिकल लिहिलेला खरा, मोठा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला.

कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करा, जमल्यास ४८ बिटवर, आणि टिफ या फाइल-प्रकारात जतन करा. पोस्टकार्डाएवढा फोटो १२०० डीपीआयला साधारण १७० एमबीचा होतो, तेवढी जागा करा. जेपेग नको. त्याच्या चौकोनी खुणा नेमक्या फितींच्या कडांवर येतात आणि नसलेल्या फिती दाखवतात.

स्कॅनरमधलं आपोआप धारदार करणं, धूळ काढणं, कण कमी करणं, सगळं बंद करा. धूळ काढणाऱ्या सोयीला बटण आणि धूळ यांतला फरक कळत नाही. इन्फ्रारेड वापरून धूळ काढणारी सोय चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर चालतच नाही, कारण चांदीच ते किरण अडवते.

कागद रेशमी किंवा मधाच्या पोळ्यासारख्या पोताचा असेल तर एक युक्ती आहे. एकदा सरळ स्कॅन करा, एकदा फोटो १८० अंशांत फिरवून, डोकं खाली करून. दुसरा स्कॅन संगणकावर सरळ करून पहिल्यावर ठेवा आणि वरच्या थराची पारदर्शकता ५० टक्के करा. पोताच्या सावल्या विरुद्ध बाजूंनी पडलेल्या असतात, त्या बऱ्याच प्रमाणात एकमेकांना पुसतात. चित्र तेवढंच राहतं.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो, पण हातात धरून नाही. स्टँड, दहा सेकंदांचा टायमर, फ्लॅश बंद. उत्तरेच्या खिडकीचा उजेड, किंवा दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर सारखे दिवे. झूम वापरण्याऐवजी छाती, दंड, डोकं असे वेगवेगळे तुकडे जवळून घ्या. जुन्या फोटोंच्या काळ्या भागावर निळसर चांदीसारखी झाक येते. ती स्कॅनरमध्ये चमकते, पण मोबाइलने फोटो घेताना तिरपा उजेड दिला की जाते, म्हणून असल्या फोटोंना मोबाइलच बरा.

संगणकावर

गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. मूळ फाइलला हात लावू नका, नक्कल करा.

पहिलं काम, रंगांचे तीन थर वेगळे करणं. कलर्समध्ये कम्पोनंट्स, त्यात डीकंपोज. लाल, हिरवा, निळा अशी तीन करडी चित्रं मिळतात. पिवळट फिका पडलेला फोटो निळ्या थरात एकदम उठून दिसतो, कारण पिवळा रंग निळा उजेड शोषतो. त्याच कारणाने चहाचे, कसरीचे पिवळे-तपकिरी डाग लाल थरात जवळजवळ नाहीसे होतात. आमच्या फोटोत दंडावर डाग होता. लाल थरात तो विरला आणि खाली तीन फिती दिसल्या. मी बराच वेळ त्या तीन रेषांकडे बघत बसले होते.

मग लेव्हल्स किंवा कर्व्हने फक्त त्या तुकड्यापुरता उजेड-अंधार ताणा. सगळा फोटो सुंदर करायच्या नादात पडू नका. खाकी कोटावरची खाकी फीत वाचायची तर चेहरा पांढरा फटक झाला तरी हरकत नाही.

तुकडा ३०० ते ४०० टक्के मोठा करा, क्युबिक किंवा त्याहून चांगली पद्धत निवडून. धारदार शेवटी करा, एकदाच आणि थोडं. त्रिज्या १ ते २ पिक्सेल. कडेला पांढरी झालर दिसू लागली की ते जास्त झालं. आता मागे व्हा. खुर्ची तीन-चार फूट मागे घ्या, किंवा चित्र बारीक करून बघा. कण विरघळतात आणि आकार समोर येतो. भिंगाने न सुटलेली अक्षरं मला अशी मागे सरकून वाचता आली आहेत.

आता एक कळकळीची विनंती. जुना फोटो स्पष्ट करून देणारी एआयची ॲपं या कामाला वापरू नका. मी एकदा वापरलं. फेट्यावरचा वीस पिक्सेलचा धूसर ठिपका त्याने सुरेख मुकुट करून दिला, मण्यांसकट. शिंद्यांच्या राजचिन्हात नागांची जोडी आणि सूर्य आहे. एवढ्याशा आकारात दोन फणे आणि मुकुटाच्या दोन कमानी यांची बाह्यरेषा सारखीच दिसते. ॲपने हजारो मुकुट पाहिलेले, म्हणून त्याने मुकुट काढला. भिंतीवरच्या फोटोत चित्रकाराने केलं तेच. ते चित्र नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं, आणि आता अर्धं घराणं म्हणतं की पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते. ते परत घेता घेता मी थकले.

रंगांचा चकवा

हा भाग शांतपणे वाचा, इथे अनुभवी माणसंही फसतात.

जुन्या काचांना आणि फिल्मना सगळे रंग सारखे दिसत नसत. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात त्या फिल्मला लाल दिसतच नसे. लाल रंग काळा येई, पिवळा आणि नारिंगी गडद, आणि निळा चक्क फिका. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून मिळत होत्या, पण स्टुडिओवाले पुढे बरीच वर्षं जुनंच वापरत राहिले, लाल दिव्यात धुता येत होतं म्हणून.

त्यामुळे फोटोत काळा दिसणारा फेटा लाल असू शकतो आणि पांढरा दिसणारा पट्टा आकाशी. पदकाच्या रिबनवर याचा परिणाम मोठा. पहिल्या महायुद्धाच्या विजयपदकाची रिबन इंद्रधनुषी आहे, मधे लाल आणि कडांना जांभळा. जुन्या फिल्मवर मधे काळा पट्टा आणि कडा उजळ, अशी ती येते. दुसऱ्या महायुद्धाच्या बर्मा स्टारच्या मधेही रुंद लाल पट्टा आहे. म्हणून एकट्या रिबनवरून निकाल देऊ नका. आधी फोटोत असं काही शोधा ज्याचा रंग तुम्हाला नक्की माहीत आहे. कपाळावरचं कुंकू काळंभोर आलंय का? मग लालाचं काय झालं ते कळलं.

फोटो उलटा तर छापला नाही ना

काच उलटी ठेवून छापलं की डावं उजवं होतं. पदकं माणसाच्या डाव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला हवीत. पुरुषाच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो. तलवार डाव्या बाजूला. अक्षरं असतील तर प्रश्नच मिटला. हे आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

आता वाचन

दंडापासून सुरू करा, ते सोपं. टोक खाली असलेल्या व्ही आकाराच्या फिती म्हणजे हुद्दा: एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, तीन फिती म्हणजे दफादार. फिती मनगटाजवळ आणि टोक वर असेल तर तो हुद्दा नव्हे. डाव्या हाताला बहुधा चांगल्या वर्तणुकीच्या, उजव्या हाताला पहिल्या महायुद्धातल्या परदेशी सेवेच्या. घरात "चार फितीचे अधिकारी" म्हणून सांगतात ते पुष्कळदा वर्तणुकीच्या फितींचे शिपाई असतात. आणि ते सन्मानाचंच आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोत दंडाच्या वरच्या भागात कापडी चौकोन किंवा गोल दिसला तर तो डिव्हिजनचा, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या तुकडीचा. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, सतराव्याचं काळं मांजर, एकोणिसाव्याचा कट्यार धरलेला हात, तेविसाव्याचा कोंबडा. रंग सोडा, आकार पकडा.

खांद्यावर तारे असतील तर त्यांचा आकार बघा, संख्या नंतर. इंग्रजी राजवटीतला तारा चौकोनी, टोकावर उभ्या केलेल्या पतंगासारखा दिसतो. प्रजासत्ताक भारताचा पाच टोकांचा. मेजरच्या खांद्यावर १९५० पूर्वी मुकुट, नंतर अशोकस्तंभाचे सिंह. मुकुट सापडला तर त्याचा माथा बघा: मधे खोलगट असेल तर व्हिक्टोरियाचा काळ, १९०१ पर्यंत. फुगीर घुमटासारखा असेल तर त्यानंतरच्या राजांचा. स्वातंत्र्यानंतरच्या फोटोत ताऱ्याच्या बुडाशी आडवी पट्टी आहे का ते आवर्जून शोधा. एक तारा आणि पट्टी म्हणजे जमादार, ज्याला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात. पट्टी नसली तर सेकंड लेफ्टनंट. ती पट्टी फोटोत अर्ध्या मिलिमीटरची असते आणि तिच्यावर माणसाचा हुद्दा ठरतो.

टोपीवरचा बिल्ला हा सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात फसवा भाग. अक्षरं वाचायला जाऊ नका, छायाकृती ओळखा. शिंगाचा आकार असेल तर बहुधा लाइट इन्फंट्री, म्हणजे हलकं पायदळ, किंवा रायफल पलटण. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीही आली. महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावात उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी कट्यार आली. मधे उभी रेष दिसली आणि फोटो चाळीसच्या दशकातला असला, तर हे आठवा. शिंद्यांच्या आणि होळकरांच्या पलटणी १९५० नंतर कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेल्या, चौदावी ग्वाल्हेर आणि पंधरावी इंदूर म्हणून. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन फोटोंत दोन वेगळे बिल्ले असले तर गोंधळू नका, नोकरी एकच असू शकते.

शेवटी छाती. पदकं मधल्या बटणांकडून खांद्याकडे, ज्येष्ठतेच्या क्रमाने लावतात. पणजोबांच्या फोटोत बटणांजवळचं पदक टोकदार, कडीत अडकवलेलं. दुसरं गोल, वर सरळ आडवी सळई. तिसरं गोल, पण वर कडी. हे १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि विजयपदक यांचं त्रिकूट. चेहरा-मजकूर काही वाचता येत नाही, पण सळई आणि कडी यांतला फरक बाराशे डीपीआयला स्वच्छ दिसतो.

आणि त्याने आमच्या घरातली एक गोष्ट बदलली. फोटो "आफ्रिकेला निघताना" काढलेला, असं चार पिढ्या सांगत आलो. नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगा इथे उतरलेल्या फौजेत ग्वाल्हेर रायफल्सची अर्धी पलटण होती, त्यामुळे आफ्रिका अशक्य नाही. पण ही तिन्ही पदकं एकत्र छातीवर लागायची तर १९१९ उजाडायला हवं, शेवटची दोन त्याच वर्षी सुरू झाली. म्हणजे हा निघतानाचा फोटो नव्हे. तो परत आल्यानंतरचा आहे.

नोंद कशी ठेवायची

दिसलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहा, तारखेसह. कोणत्या प्रतीवरून, किती डीपीआय, कोणता थर, हेही. फोटोच्या मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, बॉलपेनने नाही. तुकड्याची मोठी छापील प्रत काढून घरातल्या वयस्क माणसांना दाखवा, आणि तुमचा अंदाज आधी सांगू नका. आत्याबाईंनी फिती बघून आपणहून "हवालदारसाहेब म्हणायचे त्यांना मोरारला" असं म्हटलं, ते मी विचारून मिळालं नसतं.

पणजोबांच्या पाकिटावर आता असं लिहिलंय:

दिसलं: दोन्ही दंडांवर तीन फिती, टोक खाली. तीन पदकं, स्टार, सळईचं गोल, कडीचं गोल. फेट्यावर धातूचा बिल्ला, वरच्या कडेला दोन उंचवटे.

ठरलं: हवालदार. फोटो १९१९ किंवा नंतरचा. चौथं पदक नाही, ते खिशाचं बटण.

वाटतं: बिल्ला नागांचा असावा. दुसरा फोटो मिळेपर्यंत हे वाक्य याच रकान्यात.